वीरपत्नींचे कागद परत करा : अध्यक्षांना १५ दिवसांची मुदत

चिकलठाण्यातील आपल्या माजी सैनिक साहाय्य संस्थेचे अध्यक्ष व विश्वस्त यांना आम्ही कर्मचारी हा जाहीर इशारा देत आहोत.

वैजापूर, कन्नड, सिल्लोडहून वीरपत्नी पहाटेची एसटी धरून येतात. डिस्चार्ज बुकात नाव एक, आधारवर दुसरे. ते जुळेपर्यंत कुटुंब निवृत्तिवेतन अडते. प्रतिज्ञापत्र, रेकॉर्ड ऑफिसशी पत्रव्यवहार, ‘स्पर्श’ या निवृत्तिवेतन पोर्टलवरील नोंद हे आमचे काम. पण मूळ डिस्चार्ज बुके अध्यक्षांच्या कपाटात कुलूपबंद आहेत. कार्यक्रमात त्यांच्यासोबत फोटो निघेपर्यंत फायलीवर सही होत नाही. जाब विचारला, तर ‘ही फौज आहे, इथे प्रश्न नसतात’ असे सुनावले जाते.

अध्यक्षमहाशय, फौजेचे नाव घेऊ नका. डेहराडूनच्या सैनिकी अकादमीत, चेटवुड हॉलमध्ये अधिकाऱ्याचा धर्म कोरला आहे : आधी देश, मग हाताखालचे जवान, स्वतःची सोय सर्वांत शेवटी. तुम्ही हा क्रम उलटा केला आहे.

कायद्याने महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या ७ तारखेच्या आत द्यावा लागतो. आमचा तीन महिन्यांचा थकला आहे. भविष्यनिर्वाह निधीची कपात भरली का, हे विचारणाऱ्या सहकारी ताईंना सर्वांदेखत अपमान करून काढून टाकण्यात आले.

आजपासून १५ दिवसांत :

१. सर्व मूळ कागद पोच घेऊन ज्यांचे त्यांना परत करा.
२. थकीत पगार द्या, निधी भरल्याच्या पावत्या दाखवा.
३. काढलेल्या ताईंना सन्मानाने परत घ्या.
४. लेखापरीक्षित हिशेब लाभार्थ्यांसमोर ठेवा.

हे न झाल्यास लाभार्थी माजी सैनिकांसह महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१-ड खाली विश्वस्तांना दूर करण्याचा अर्ज धर्मादाय आयुक्तांकडे दाखल होईल. पगाराची तक्रार कामगार कार्यालयात, निधीची निधी कार्यालयात आणि अडवलेल्या कागदांची पोलिसांत जाईल. गप्प बसलेल्या विश्वस्तांनीही ध्यानात ठेवावे : जबाबदारी एकट्या अध्यक्षांची नाही.

आम्ही कामबंद करणार नाही. हयातीचे दाखले, निवृत्तिवेतनाचे अर्ज एक दिवसही थांबणार नाहीत; सैनिकाला वेठीस धरणे आमच्या तत्त्वात बसत नाही. राजीनामे देऊन वाटही मोकळी करणार नाही. मुदत वाढवून मिळणार नाही. सोळाव्या दिवशी अर्ज दाखल होतील.

— समस्त कर्मचारी