बाटलीचे माप आणि हरमलचा किनारा

उन्हाळा लागला की पेडणे आणि डिचोली तालुक्यांतील डोंगरउतारांवर काजूच्या भट्ट्या पेटतात. बोंडे मळून काढलेला रस आंबवून पहिल्या धारेचा हुर्राक काढावयाचा आणि पुढे त्याचीच फेणी करावयाची, हा उद्योग पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. काजू फेणीला २००९ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला, २०१६ साली अबकारी कायद्यात दुरुस्ती होऊन ती वारसा पेय ठरली आणि २०२१ साली तिच्यासाठी स्वतंत्र धोरणही जाहीर झाले. एवढ्या मानमरातबानंतर हे पेय हरमलच्या वाटेवर पाण्याच्या वापरलेल्या प्लास्टिकच्या बाटलीत भरून गिऱ्हाइकाच्या हाती दिले जावे, हा विनोद नव्हे, अनास्था आहे.

मद्याची बाटली केवढी असावी हे सरकारने का ठरवावे, असे कोणी विचारील. परंतु जेथे व्यापारस्वातंत्र्याचा गजर अहोरात्र चालतो त्या अमेरिकेतही ठराविक मापांच्या बाटल्यांतूनच वाइन किरकोळ दुकानदाराकडे जाऊ शकते. त्या मापांची यादी २०२५ च्या जानेवारीत वाढविण्यात आली, रद्द करण्यात आली नाही. युरोपातही साध्या वाइनसाठी १०० मिलिलिटरपासून दीड लिटरपर्यंतची आठ मापे नेमून दिली आहेत. तेथे मुख्य चिंता ग्राहक फसू नये ही. आमच्यापुढील प्रश्न वेगळा आहे: सर्वांत लहान बाटली कोणाच्या हाती पडते, आणि रिकामी झाल्यावर ती कोठे जाते?

मोठी बाटली बहुधा घरी जाते. ९० मिलिलिटरची 'निप' रस्त्यावरच संपते. दिवसाच्या मजुरीतून ती सहज परवडते, खिशात लपते आणि पोरसवद्या वयाच्या मुलालाही पेलते. तिची काच मग वाळूत रुतते. हरमलला रापण ओढणारे अनवाणी उतरतात, याचा विचार पर्यटनाची आकडेवारी मांडणाऱ्यांनी कधी केला आहे काय? किनाऱ्यावर मद्यपान करणाऱ्यास व बाटल्या फोडणाऱ्यास २,००० रुपये दंड करण्याची तरतूद २०१९ साली झाली. तथापि दंड करावयास तेथे कोणी उभा असावा लागतो. मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून पेडण्याच्या किनाऱ्यावरील वर्दळीला काही धरबंध राहिलेला नाही. प्रत्येक पाहुण्यामागे शिपाई नेमणे कोणत्याही सरकारला शक्य नाही.

आमचा आग्रह दारूबंदीचा नाही. मुंबई राज्याने १९४९ साली बंदीचा कायदा केला. त्याने हातभट्टी थांबली नाही, ती रानात गेली, हे शेजारच्या कोकणाने डोळ्यांनी पाहिले. मापाचा नियम हा त्याहून कितीतरी लहान आणि पाळता येण्याजोगा उपाय आहे. सीलबंद मद्यासाठी, फेणीसह, १८०, ३७५ आणि ७५० मिलिलिटर ही तीनच मापे ठेवावीत, ती काचेचीच असावीत आणि प्रत्येक बाटलीवर अनामत घ्यावी. निलगिरी जिल्ह्यात मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२२ पासून बाटलीमागे १० रुपये जादा घेऊन ती परत आणणाऱ्यास परत दिले जातात. गोव्यातही ठेव-परताव्याची योजना २०२४ साली अधिसूचित झालीच आहे. तेव्हा नवे शोधावयाचे असे फारसे काही नाही.

एक आक्षेप मात्र आम्ही गंभीरपणे घेतो. असे नियम कागदावर येतात तेव्हा त्यांचा पहिला फटका भट्टीवाल्यालाच बसतो. पावणीची रक्कम भरून, मजूर लावून, दोन-तीन महिन्यांच्या हंगामात वर्षाची बेगमी करणाऱ्या माणसास बाटल्या भरण्याचे यंत्र घ्या असे सांगणे म्हणजे त्याचा धंदा बड्या बाटलीभरू कारखानदाराच्या पदरात टाकणे होय. म्हणून बंधन असावे ते कारखानदारावर आणि किरकोळ दुकानदारावर. भट्टीवरून तावेर्नात जाणारा गराफांव आजवर जसा गेला तसा जाऊ द्यावा. तावेर्नात पेल्याने प्यावे, बाहेर न्यावयाची असेल तर स्वच्छ, अनामतीच्या काचेच्या बाटलीतून न्यावी. लहान बाटलीवर नफा अधिक सुटतो, म्हणून दुकानदार ओरडतील. त्यांची ओरड ऐकून घ्यावी आणि पुढे जावे.

पुढल्या हंगामाच्या पावणीपूर्वी सरकारने या नियमाचा मसुदा मराठी आणि कोकणीत प्रसिद्ध करावा, आणि पणजीतील बैठकीवर न थांबता हरमल, मांद्रे, मोरजी व केरी येथील ग्रामसभांपुढे तो ठेवावा. रापणकार आणि भट्टीवाला हे दोघेही तेथेच भेटतील.