जोड तुल्यबळच हवी

जागतिक अ‍ॅथलेटिक्स महासंघाने १ सप्टेंबर २०२५पासून जागतिक मानांकनाच्या स्पर्धांत महिला गटात उतरणाऱ्या प्रत्येक खेळाडूला आयुष्यात एकदा जनुकीय चाचणी अनिवार्य केली. गालाच्या आतील पेशींचा अथवा रक्ताचा नमुना घेऊन पुरुषत्वाशी निगडित असलेले ‘एसआरवाय’ हे जनुक शोधणारी ही चाचणी त्याच महिन्यात टोकियो येथे झालेल्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेपासून लागू झाली. या निर्णयाचे काहींनी स्वागत केले, तर काहींनी ‘मानवी हक्कांची पायमल्ली’ म्हणून त्याची संभावना केली. पुरुष म्हणून जन्मलेल्या व पुढे स्त्री म्हणून जगणाऱ्या पारलिंगी खेळाडूंनी महिलांच्या स्पर्धेत उतरावे की नाही, हा या वादाचा गाभा आहे. घोषणांचा गदारोळ बाजूला ठेवून या प्रश्नाचा शांतपणे विचार होणे अगत्याचे आहे.

महाराष्ट्राला हा विचार नवा वाटण्याचे कारण नाही. गावच्या जत्रेत कुस्त्या नेमताना जाणते वस्ताद तुल्यबळ जोड पाहतात. हलक्या गड्याला भारी पैलवानासमोर उभे केले, तर त्या कुस्तीला कोणी कुस्ती म्हणत नाही. वजनगट हा भारी पैलवानाचा अपमान नसतो. ती हलक्या पैलवानाला मिळालेली न्याय्य संधी असते. महिलांचा स्वतंत्र गट याच न्यायाने निर्माण झाला. स्त्रियांना बाजूला काढण्यासाठी नव्हे, तर त्यांच्या परिश्रमांना फळ यावे म्हणून तो आहे. तो नसता, तर धावण्याच्या, उडी मारण्याच्या वा वजन उचलण्याच्या कोणत्याही अंतिम फेरीत स्त्री क्वचितच दिसली असती.

आकडे पाहिले की हे स्पष्ट होते. शंभर मीटर धावण्याचा पुरुषांचा विश्वविक्रम ९.५८ सेकंदांचा, तर महिलांचा १०.४९ सेकंदांचा आहे. लांब उडीत पुरुषांचा विक्रम ८.९५ मीटर, तर महिलांचा ७.५२ मीटर आहे. हा फरक जिद्दीचा वा प्रशिक्षणाचा नाही, शरीररचनेचा आहे. बालवयात मुलगा आणि मुलगी यांच्या धावण्यात फारसे अंतर नसते. वयात येताना मुलाच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकाचे प्रमाण अनेक पटींनी वाढते आणि त्याबरोबर उंची, हाडांची लांबी व घनता, स्नायूंचे बळ, हृदय व फुप्फुसांची क्षमता आणि रक्तातील हिमोग्लोबिन यांतही वाढ होते. निसर्गाने एकदा रचलेला हा देह पुढे औषधांनी पूर्ववत होत नाही, हा या वादातील कळीचा मुद्दा आहे.

आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २००४मध्ये शस्त्रक्रिया आणि संप्रेरक उपचार या अटींवर पारलिंगी खेळाडूंना प्रथम प्रवेश दिला. २०१५मध्ये शस्त्रक्रियेची अट गेली आणि टेस्टोस्टेरॉनचे प्रमाण प्रतिलिटर १० नॅनोमोलपेक्षा वर्षभर कमी असणे पुरेसे ठरले. सर्वसाधारण स्त्रीच्या शरीरात हे प्रमाण दोन नॅनोमोलच्या आतच असते, म्हणजेच ही ‘मर्यादा’ स्त्रीच्या नैसर्गिक प्रमाणाच्या किमान पाचपट होती. २०२१च्या चौकटीने तर आणखी पुढे जाऊन, पारलिंगी खेळाडूला अवाजवी लाभ मिळतो असे गृहीतच धरू नये, असे सुचवले आणि निर्णयाचा भार त्या त्या खेळाच्या महासंघांवर टाकला. शास्त्रापेक्षा वैचारिक फॅशनला अधिक मान दिला की काय होते, याचे हे उदाहरण होय.

शास्त्र काय सांगते? २०२१मध्ये ‘स्पोर्ट्स मेडिसिन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या आढाव्यानुसार, वर्षभर टेस्टोस्टेरॉन दाबून ठेवल्यावरही स्नायूंचे बळ व आकारमान साधारण पाच टक्क्यांनीच घटते. अमेरिकी वायुदलातील व्यक्तींच्या शारीरिक चाचण्यांच्या अभ्यासात, दोन वर्षांच्या उपचारांनंतर जोर-बैठकांसारख्या प्रकारांतील फरक मिटला. परंतु धावण्यात पारलिंगी स्त्रिया अन्य स्त्रियांपेक्षा सुमारे १२ टक्के वेगवान राहिल्या. हे अभ्यास अव्वल खेळाडूंवरील नाहीत, हा आक्षेप खरा आहे. परंतु अव्वल स्पर्धेत बारा टक्के सोडाच, एक टक्काही फार मोठा असतो. १९८४च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये चारशे मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत पी. टी. उषा यांचे कांस्यपदक सेकंदाच्या एक शतांश भागाने हुकले. जेथे एका शतांशाने आयुष्याची दिशा बदलते, तेथे निसर्गदत्त बळाचा लाभ किरकोळ कसा मानावा?

मार्च २०२२मध्ये अमेरिकेतील राष्ट्रीय महाविद्यालयीन जलतरण स्पर्धेत लिया थॉमस हिने पाचशे यार्ड फ्रीस्टाइल शर्यत जिंकली. तीच खेळाडू पूर्वी विद्यापीठाच्या पुरुष संघातून पोहत होती. त्यानंतर तीनच महिन्यांनी जागतिक जलतरण महासंघाने पुरुष म्हणून वयात आलेल्या खेळाडूंना महिला गटातून वगळले. मार्च २०२३मध्ये अ‍ॅथलेटिक्स, जुलैत सायकलिंग आणि नोव्हेंबरमध्ये आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषद यांनी तोच मार्ग स्वीकारला. एका विचारसरणीच्या नव्हे, तर भिन्न देशांच्या प्रतिनिधींनी मिळून चालविलेल्या या संस्था आहेत, हे टीकाकारांनी ध्यानात घ्यावे.

दुसऱ्या बाजूचे युक्तिवाद विचारात न घेता निकाल देणे न्यायाचे होणार नाही. अशा खेळाडूंची संख्या अत्यल्प आहे, असे म्हटले जाते. ते खरेच आहे. परंतु अंतिम फेरीत आठ जागा आणि पदके तीनच असतात. हुकलेली एक जागा ज्या मुलीची असते, तिच्यासाठी तो अन्याय शंभर टक्के असतो. उंची, लांब हात, जन्मजात दमसास असे निसर्गाचे लाभ इतर खेळाडूंनाही असतातच, हा दुसरा युक्तिवाद. परंतु लांब हातांचा वा आखूड हातांचा असा गट कोणी केलेला नाही. स्त्री-पुरुष हा गट मात्र मुद्दाम केलेला आहे आणि ज्या फरकासाठी तो केला, तोच फरक आत घेतला तर गटाला अर्थ उरत नाही.

भारतात पदक ही केवळ शोभेची वस्तू नसते. महाराष्ट्रात गुणवंत खेळाडूंसाठी शासकीय नोकरीत पाच टक्के आरक्षण आहे. माणदेशच्या दुष्काळी मातीतून निघून २०१६च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठणारी ललिता बाबर ही खेड्यापाड्यांतील असंख्य मुलींचा आदर्श आहे. आईबापांचा विरोध, गरिबी, मैदानांचा अभाव हे सारे ओलांडून मुलगी मैदानापर्यंत येते. तिच्या वाट्याची संधी तरी निखळ असावी, ही अपेक्षा अवाजवी नाही.

येथे एक भेद काटेकोरपणे पाळला पाहिजे. जन्मापासून मुलगी म्हणून वाढलेल्या, परंतु शरीरातील संप्रेरकांची वा गुणसूत्रांची रचना वेगळी असलेल्या खेळाडू पारलिंगी नव्हेत. तामिळनाडूतील वीटभट्टी मजुरांच्या घरातून आलेल्या शांती सौंदराजन हिने २००६च्या दोहा आशियाई स्पर्धेत आठशे मीटरचे रौप्यपदक मिळवले. लिंगचाचणीनंतर ते काढून घेतले गेले आणि तिच्या खासगी आयुष्याची चर्चा देशभर झाली. पुढे तिच्यावर वीटभट्टीवर मजुरी करण्याची वेळ आली. २०१४मध्ये द्युती चंद हिला ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेच्या संघातून वगळले गेले. ती क्रीडा लवादाकडे गेली, २०१५मध्ये तो नियम स्थगित झाला आणि २०१८च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत तिने दोन रौप्यपदके पटकावली. जुलै २०२५मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयानेही, दक्षिण आफ्रिकेच्या कॅस्टर सेमेन्या हिची बाजू स्वित्झर्लंडच्या न्यायालयाने पुरेशी कसून तपासली नाही, असा निर्वाळा दिला. नियम योग्य असला, तरी तो राबविण्याची रीत माणुसकीची नसेल तर न्याय होत नाही, हा यातून मिळणारा धडा आहे.

म्हणूनच नव्या चाचणीबाबत भारतीय संघटनांनी सावध राहिले पाहिजे. चाचणी कारकिर्दीच्या आरंभीच व्हावी, पदक मिळाल्यावर नव्हे. अहवाल गोपनीय राहावा, मुलीला व तिच्या पालकांना वैद्यकीय सल्ला आणि मानसिक आधार मिळावा आणि मैदानाबाहेर तिच्या स्त्रीत्वावर कोणी बोट ठेवू नये. गावाकडच्या एखाद्या मुलीवर शांतीसारखी वेळ पुन्हा येता कामा नये.

तृतीयपंथी समाजाविषयी हिंदू परंपरेची दृष्टी तिरस्काराची नाही. अर्धनारीनटेश्वराची उपासना करणाऱ्या, शिखंडी आणि बृहन्नडा यांना महाभारतात स्थान देणाऱ्या समाजाला ही दृष्टी पाश्चात्त्यांकडून उसनी घेण्याची गरज नाही. किन्नर आखाड्याने कुंभमेळ्यात स्थान मिळवले ते याच परंपरेत. सर्वोच्च न्यायालयाने २०१४मध्ये तृतीयपंथीयांना स्वतंत्र ओळख दिली आणि २०१९मध्ये संसदेने कायदा केला. पोलीस भरतीत त्यांच्यासाठी शारीरिक चाचणीचे निकष ठरविण्यास मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२मध्ये राज्य शासनाला सांगितले. दार बंद करायचे नाही, पण निकष मात्र नीट ठरवायचे, हीच खरी दिशा आहे.

खेळातही असेच व्हावे. शाळा, गाव, हौशी मंडळे या पातळीवर तृतीयपंथी मुलामुलींना खेळण्याची मोकळीक असावी. अव्वल स्पर्धांत त्यांच्यासाठी खुला वा स्वतंत्र गट असावा. २०२३मध्ये बर्लिनच्या जलतरण विश्वचषकात असा खुला गट ठेवला असता एकही प्रवेशिका आली नाही, हे खरे. पण पहिल्या प्रयत्नातील अपयश हा वाट सोडून देण्याचा आधार होऊ शकत नाही. दिव्यांगांच्या स्पर्धाही एका दिवसात उभ्या राहिल्या नव्हत्या.

करुणा आणि न्याय यांत विरोध नाही. एकाला आपलेसे करताना दुसरीचा हक्क हिरावला जाऊ नये, एवढाच विवेक हवा. उपेक्षितांना सन्मानाने जागा देणे हे समाजाचे कर्तव्य आहे. परंतु ती जागा दुसऱ्या उपेक्षितेच्या हातून काढून घेऊन देता येणार नाही. लॉस एंजेलिसला २०२८मध्ये ऑलिम्पिक भरेल. १९८४मध्ये उषा यांचे पदक शतांशाने हुकले, तेव्हा निदान स्पर्धा तुल्यबळांची होती. येत्या पिढीतील भारतीय कन्यांनाही तेवढी हमी मिळालीच पाहिजे.