नाईक यशवंत घाडगे आणि माँटोनेची सूर्यघडी

नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात धारातीर्थी पडले. वय अवघे २२. तेव्हाच्या कुलाबा, आजच्या रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्यातले पळसगाव हे त्यांचे गाव. पलटण पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी.

जून १९४४ मध्ये रोम पडल्यावर जर्मन फौजा उत्तरेकडे हटत होत्या, पण टेकडी टेकडी लढवत. घाडगे एका सेक्शनचे प्रमुख होते. अगदी जवळून मशीनगनचा मारा सुरू झाला आणि त्यांचे सगळे जवान ठार किंवा जखमी झाले. सोबतीला कोणी उरले नाही हे ठाऊक असूनही ते एकटेच मोर्चावर धावून गेले. आधी हातबाँब टाकून मशीनगन आणि ती चालवणारा, दोन्ही गारद केले. मग टॉमीगनने आणखी एकाला टिपले. गोळ्या संपल्या, नवे मॅगझिन चढवायला उसंत नव्हती. तेव्हा तीच बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने झोडपून ठार केले. एवढ्यात दबा धरलेल्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत आणि पाठीत लागल्या. जिंकलेल्या मोर्चातच त्यांनी प्राण सोडला. शौर्यकथांना गावोगाव झालर लागते. इथे सरकारी गौरवपत्रातच इतके आहे की झालरीची गरज नाही.

नोव्हेंबर १९४४ मध्ये त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. त्यांची समाधी नाही. नाव कॅसिनोच्या स्मारकावर कोरलेले आहे. माणगावात त्यांचा पुतळा आहे. इटलीच्या मोहिमेत ५० हजारांहून अधिक भारतीय सैनिक लढले, ५,७८२ कामी आले. जुलै २०२३ मध्ये पेरुजा प्रांतातील माँटोने गावाने घाडग्यांच्या नावाने सूर्यघडीचे स्मारक उभारले. सारे एकाच सूर्याखाली, अशा अर्थाचे त्याचे लॅटिन ब्रीद आहे.

पदक इंग्रजांच्या राजाचे, म्हणून स्वातंत्र्यानंतर अशा वीरांची आठवण काढताना आपल्याकडे थोडा संकोच राहिला. तो अन्यायाचा आहे. पलटण कुठे पाठवायची हे नाइकाला कोणी विचारत नव्हते, आणि समोर उभी होती ती हिटलरची फौज.

ही आठवण सुरतेतही जागवता येईल. शहराच्या उधना-लिंबायत भागातली मराठी वस्ती मुख्यतः खानदेशातली. कोकणच्या या जवानाशी तिचा गावकीचा धागा नाही. इथल्या महापालिकेच्या मराठी शाळांतही अभ्यासक्रम गुजरातचाच चालतो, त्यामुळे महाराष्ट्राचे असे वीर मुलांपर्यंत आपसूक पोचत नाहीत. गुजरातच्या शाळा जूनमध्ये उघडतात. १० जुलैच्या प्रार्थनेनंतर एखाद्या शिक्षकाने दहा मिनिटे काढली, तर ही हकिगत सांगून होते.