फुकट वीज आणि न मोजलेली वीज

डिझेलचा भाव चढला कीं त्याची पहिली झळ नांगरटीला लागते. ट्रॅक्टरवाला एकरी दर वाढवितो, मळणीयंत्रवाला वाढवितो, बाजारांत माल नेणारा टेंपोवालाही वाढवितो. आणि भाव उतरल्यावर यांपैकीं कोणाचा दर उतरल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं. ऑक्टोबर २०१४ मध्यें डिझेलचा भाव सरकारी नियंत्रणांतून मुक्त झाला. जगांत तेल स्वस्त झालें कीं येथेंही होईल, अशी त्या वेळीं अपेक्षा होती. पुढें २०२० मध्यें कच्चें तेल कोसळलें, तेव्हां केंद्र सरकारनें उत्पादन शुल्क चढवून मे महिन्यांत तें डिझेलवर लिटरमागें ३१ रुपये ८३ पैशांवर नेलें. नोव्हेंबर २०२१ मध्यें १० रुपये व मे २०२२ मध्यें ६ रुपये कमी झाले खरे. परंतु २०२० च्या खरिपाची मशागत ज्यानें केली, त्याच्या पदरीं त्यांतलें कांहीं पडलें नाहीं.

हा कर जिराईतदारही भरतो. ज्याच्या शेतांत विहीर नाहीं, त्याला विजेच्या सवलतीचा एक पैसाही मिळत नाहीं, ही गोष्ट आम्हां बागाईतदारांना बोलावयास आवडत नाहीं. तथापि या लेखाचा मुख्य विषय आमच्या विजेचाच आहे.

जुलै २०२४ मध्यें महाराष्ट्र शासनानें मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजना जाहीर केली. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांस एप्रिल २०२४ पासून पांच वर्षें वीज मोफत, लाभधारक सुमारें ४४ लाख, व वर्षाचा बोजा १४,७६० कोटी रुपये, असे आंकडे त्या वेळीं देण्यांत आले. भागाकार केला तर पंपामागें वर्षास सरासरी साडेतेहतीस हजार रुपये पडतात. ही रक्कम लहान नव्हे. पण तेवढ्या किंमतीची वीज आपल्या विहिरीवर आली कीं नाहीं, हें किती वाचकांस छातीवर हात ठेवून सांगतां येईल? पांच अश्वशक्तीचा पंप तासाला सुमारें चार युनिटें खातो. त्यानें वर्षांत किती तास काम केलें याची नोंद मात्र बहुतेक ठिकाणीं कोणाजवळच नाहीं. ज्यांचे आकार अश्वशक्तीवर ठरतात त्यांच्या खांबावर मीटर नाहीं, व जेथें आहे तेथेंही तो किती वेळां वाचला जातो हें सर्वांस ठाऊक आहे.

न मोजलेल्या विजेचा खर्च शेतकऱ्याच्या नांवें लिहिणें फार सोपें असतें. महाराष्ट्र वीज नियामक आयोगानें २००० सालीं पहिला दरनिर्णय दिला, त्या सुमारास हें उघड झालें कीं, शेतीचा वापर म्हणून दाखविलेल्या विजेंत गळतीचा आणि चोरीचा मोठा भाग मिसळलेला होता. (आकडे टाकणारे आपल्यांतही आहेत, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं.) शहरांतला माणूस मात्र आजही समजतो कीं त्याचें बिल आम्हीं वाढविलें.

दुसरी किंमत रात्रीं द्यावी लागते. तीन फेजची वीज पाळीपाळीनें, दिवसां ८ तास किंवा रात्रीं ८ ते १० तास, असा नियम आहे. थंडीच्या रात्रीं गव्हाला दारें धरणारा माणूस विंचू-काट्याच्या, आणि जुन्नर-शिरूर भागांत बिबट्याच्या भयानें उभा असतो. प्रस्तुत लेखकाची मोटार अशाच एका रात्रीं दाब उतरल्यानें जळाली. वाइंडिंगचा खर्च व पाण्यावांचून गेलेले आठ दिवस कोणत्याही सवलतींत धरलेले नव्हते. दोष सर्वस्वी कंपनीचा म्हणावा, तर त्या रोहित्रावर आम्हीं सर्वांनीं मंजुरीहून मोठे पंप जोडले होते. फुकटच्या विजेवर लहान पंप बसवील कोण?

म्हणून आमचें म्हणणें असें कीं, मीटर शेतकऱ्यानें स्वतः होऊन मागावा. यावर वाचकांस राग येईल. मीटर आला कीं बिल येईल, हें भय अवास्तव नाहीं; २००४ मध्यें निवडणुकीच्या तोंडावर जाहीर झालेली मोफत वीज २००५ मध्यें परत घेतली गेली, हें आम्ही विसरलों नाहीं. पण त्या वेळीं हक्क म्हणून दाखवावयास आपल्या हातीं कांहींच नव्हतें. पंजाबांत २०१८ पासून एक प्रयोग झाला. तेथें खुषीनें मीटर घेणाऱ्या शेतकऱ्यास ठराविक युनिटें मोफत ठरवून दिलीं, आणि त्यांतून वांचलेल्या प्रत्येक युनिटामागें ४ रुपये त्याच्या खात्यांत जमा केले. बिल आलें नाहीं, उलट विहिरींतलें पाणी वांचविण्यास मोल मिळालें. आमच्याकडेही अशीच ठराविक युनिटें कायद्यानें बांधून मागावीं, तीं दिवसां मागावीं, व उरलेल्यांचे पैसे रोख मागावे. जिराईतदारास डिझेलासाठीं एकरी साह्य द्यावयाचें तर पैसा कोठून, असें सरकार विचारील. न मोजलेल्या युनिटांत तो किती दडला आहे हें आधीं पाहावें.

तूर्त आम्हीं पंपाच्या पेटीशेजारीं एक वही टांगली आहे. वीज कितीला आली, कितीला गेली, दाब केवढा होता, एवढेंच तींत लिहितों. शेजारच्या दोघांनींही या महिन्यापासून तशा वह्या घातल्या आहेत.