पुसलेला शिक्का

परवा नातवाचा अमेरिकेतून फोन आला. त्याला कुठल्याशा कामासाठी बाबांचा जन्मदाखला हवा होता. मी पेटीतून जुना कागद काढून वाचून दाखवला. शिक्का होता ‘मिरज नगरपालिका’. तो म्हणाला, "आजी, ही नगरपालिका नेटवर सापडत नाही गं!"

सापडणार कशी? १९९८ साली सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून एक महानगरपालिका झाली, आणि आमची नगरपालिका संपली.

गंमत म्हणजे मूळ मिरजच. पटवर्धनांचं सांगली संस्थान १८०१ मध्ये मिरजेतून फुटून निघालं. १९४८ मध्ये दोन्ही संस्थानं मुंबई राज्यात विलीन झाली. जिल्हा झाला दक्षिण सातारा, १९६० मध्ये त्याचंही नाव सांगली झालं. म्हणजे वेगळं होणं नि एकत्र येणं आम्हाला नवं नाही.

मी नागरिकशास्त्र शिकवत असे. तेव्हा मुलांना चालत नगरपालिकेत नेता यायचं. नगराध्यक्ष बाजारात भेटले की बायका पिशवी हातात धरूनच नळाच्या पाण्याचं विचारायच्या. तो धडा पुस्तकात नव्हता.

तरीही विलीनीकरण चुकलं असं मी म्हणणार नाही. कृष्णेचं पाणी आणि गावाचं सांडपाणी हद्द ओळखत नाही. मोठी कामं एकेकट्या गावाला झेपत नाहीत. आणि आमचं नाव निदान पाटीवर तरी राहिलं. १९७० मध्ये पिंपरी-चिंचवड नगरपालिका झाली, त्यात आकुर्डी आणि भोसरीही होत्या, पण नावात त्या आल्या नाहीत. उलट अंबरनाथ १९८३ मध्ये कल्याण महापालिकेत गेलं आणि १९९२ मध्ये पुन्हा वेगळं झालं!

मला वेगळं व्हायचं नाही. माझं म्हणणं एवढंच, की हद्दी बदला, पण दप्तर जपा. जुन्या सभांची इतिवृत्तं, जन्म-मृत्यूची रजिस्टरं, कराच्या पावत्या हा गावाचा इतिहास आहे. मिरजेच्या सतारी-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा आनंद आहेच. पण ती वाद्यं घडवणाऱ्या गल्ल्यांना दिवा-पाणी कोणी दिलं, हे या कागदांतच सापडेल ना?

असो. नातवाला दाखल्याचा फोटो पाठवला आहे. तुमच्याही घरी अशा हरवलेल्या नगरपालिकेचा शिक्का असेल, तर रद्दीत घालू नका. आणि गावाचं नाव मला जरूर कळवा.