पाटी लावणार नाही!

दुकानदार म्हटला की गल्ल्याला जपणारा, वाऱ्यागणिक पाठ फिरवणारा माणूस डोळ्यांपुढं येतो. अ‍ॅम्झी मूर त्यातला नव्हता. अमेरिकेतल्या मिसिसिपीतल्या क्लीव्हलँड या छोट्या गावचा हा काळा माणूस. १९४२ साली फौजेत गेला, पार ब्रह्मदेशापर्यंत. लढाई म्हणे लोकशाहीसाठी! अन् त्याच फौजेत काळ्यांच्या पलटणी वेगळ्या.

१९४६ ला परतला. पुढं हायवेवर पेट्रोल पंप टाकला. गोऱ्यांनी दम भरला : संडासांवर ‘गोरे’, ‘काळे’ पाट्या लाव. हा म्हणाला, नाही लावत. मग बहिष्कार, कर्जाचा फास. पाटी लागली नाही. १९६० साली बॉब मोझेस हा तरुण कार्यकर्ता आला, त्याला मूरनंच मतदार-नोंदणीची वाट दाखवली. १९६५ ला मतदानहक्काचा कायदा झाला.

मी गोदीत ओझी वाहतो. पोटावर पाय म्हणजे काय, ते मला ठाऊक आहे. रणांगणावर हुकूम असतो, बाजूला पलटण असते. गल्ला पणाला लावताना माणूस एकटा असतो. म्हणून ब्रह्मदेशातल्या शिपायापेक्षा पंपावरचा मूर मला मोठा वाटतो.

नुसतं कौतुक नको. असला हुकूम आपल्यालाही येईल. उत्तर आजच ठरवून ठेवा.