आंकडे वर जातात, परत कां येत नाहींत?

शहागंजांतील मनोऱ्यावरचें घड्याळ वेळ दाखवितें. पण तेवढ्यानें कोणी कामावर वेळेवर पोंचत नाहीं. परीक्षेच्या आंकड्यांचीही तीच गोष्ट आहे. २२ जून २०१५ च्या शासननिर्णयानें ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम सुरू झाला. पायाभूत चाचण्या आल्या, ‘सरल’ ही संगणकीय नोंद आली. हेतु उत्तम. परंतु गुण भरले म्हणजे कर्तव्य संपलें, ही जी समजूत रूढ झाली आहे, तिचा आम्ही स्पष्ट निषेध करितों.

५२ मधून २७ वजा करतांना एखादें मूल ३५ लिहितें. तक्त्यांत तेथें शून्य पडतें. उत्तरपत्रिका मात्र सांगते कीं, २ मधून ७ जात नाहींत म्हणून त्यानें ७ मधून २ काढले. म्हणजे त्याला वजाबाकी येते, दशक सुटा करतां येत नाहीं. त्याला आणखी शंभर उदाहरणें नकोत, दहा-दहा काड्यांच्या जुड्या हव्यात. एकट्या शिक्षकाच्या नजरेंतून जें सुटतें, तें चौघे उत्तरपत्रिका पुढें घेऊन बसले कीं सांपडतें.

शिक्षकांना वेळ कोठें आहे, असा आक्षेप येईल. तो खरा आहे. म्हणूनच केंद्राच्या शिक्षण परिषदेचा वेळ परिपत्रकें वाचण्यांत जात असेल, तर तो याला द्या. ह्या शहरांत मराठी शाळा आहेत तशा उर्दूही आहेत. हातच्याची चूक दोहोंकडे एकच. मग दोन्हीकडचे शिक्षक एका सतरंजीवर कां बसूं नयेत? आंकडे वर पाठविणें ही हिशेबनिसी झाली. ते वर्गांत परत आणणें हेंच शिक्षकाचें काम.